मुख्य सदस्य

‘जेवलीस का?’ ताईने विचारलं आणि माझ्या हातातला दात मेणात तिरका बसला. समोरचा, वरचा, कोणाही माणसाचं हसू ज्याच्यावर अवलंबून असतं तो. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, त्यांत प्लास्टर ओतून आमच्या लॅबमध्ये साचे तयार होतात, आणि त्यांच्यावर मेण चढवून मी एकेक दात रोवत जाते. माझ्या टेबलावर स्पिरिटचा दिवा असतो, मेणाची सुरी असते, आणि दिव्यापासून जरा लांब, प्लास्टरच्या रिकाम्या डब्याला टेकवून ठेवलेला माझा फोन असतो. दुपारी बाकीचे सगळे खाली जेवायला गेले की मी ताईला फोन लावते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. दुसऱ्या शहरात एकटी राहते आणि तयार कपड्यांच्या एका दुकानासाठी घरी बसून लोकांच्या पँटी आखूड करते. फोन लागला की ती ‘हं’ म्हणते, मी ‘हं’ म्हणते, दोघी फोन स्पीकरवर टाकतो आणि आपापल्या कामाला लागतो. बोलत कोणीच नाही. तिकडे तिची मशीन चालते, इकडे माझा ग्राइंडर. कोणा तरी एकीचं काम आटोपतं, ती ‘बरं’ म्हणते, की फोन बंद. कित्येक वर्षं हे असं चालत आलंय, आणि एवढ्या वर्षांत ताईने मी जेवले का, हे एकदाही विचारलं नव्हतं. कशाला विचारेल? माझ्या डब्याचं झाकण तिला तिकडे ऐकू येतं.

‘जेवले,’ मी म्हटलं. मग तिने काय जेवलीस ते विचारलं. मग तिच्याकडे उकडतंय असं सांगितलं. मग समोरच्या बिल्डिंगला रंग देतायत, पण रंग काही बरा नाही. मग गुडघा. मी दात काढला, मेण परत गरम केलं, आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की तिची मशीन बंद आहे. ती नुसती बसून बोलत होती. पाहुणे आले की हात मांडीवर ठेवून आपण बोलतो ना, तशी. आवाजसुद्धा पाहुण्यांसाठीचा, थोडा वर लावलेला. मला कसंतरीच झालं. एखाद्या जवळच्या माणसाने एकदम अहोजाहो करावं, तसं वाटलं. ‘ताई, काय झालंय?’ मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही गं. मग म्हणाली, ‘तुझ्या ह्यांचा फोन आला होता परवा.’

आता आमच्या ह्यांनी आजवर आपणहून ताईला फोन केल्याचं मला आठवत नाही. मेव्हणे गेले तेव्हाही मीच लावून दिला होता. ‘कशाला?’ मी विचारलं. ‘अगं, चांगलं बोलले अगदी. म्हणाले, ताई, रोज चाळीस-चाळीस मिनिटं फोन चालू असतो तुमचा, काही अडचण आहे का? तब्येतीची, कशाची? संकोच करू नका. मी म्हटलं, छे हो, अडचण कसली. तर म्हणाले, मग एवढं बोलता तरी काय? आता काय सांगणार त्यांना? मी म्हटलं, असंच, इकडचं तिकडचं.’ आणि मग ताई जे म्हणाली त्याने माझा हातच थांबला. ती म्हणाली, ‘नंतर मला फार लागलं मनाला. म्हणजे मी खोटंच बोलले ना त्यांच्याशी. म्हणून म्हटलं, आता जरा बोलावं इकडचं तिकडचं.’ माझी बहीण अशी आहे. तोंडातून खोटं निघून गेलं, तर ते खरं करायला ती जन्मभर राबेल. तिने पुन्हा समोरच्या बिल्डिंगचा रंग काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती ताईवर काढण्यासारखी नव्हती. मी ‘हो का’, ‘बरं’, ‘अगंबाई’ असं म्हणत राहिले, मेण गार झालं आणि लोक जेवून वर आले.

ह्यांना आमच्या फोनची मिनिटं कुठून कळली, हे सांगायला हवं. हे बस कंपनीच्या स्टोअरमध्ये होते, सुट्या भागांचे राखणदार. कुठला नट कुठल्या खणात आहे ते झोपेत विचारलं तरी सांगायचे. निवृत्त झाले, आणि स्टोअर सुटलं तरी राखणदारी सुटेना. आधी घरातल्या चाव्यांना चिठ्ठ्या लागल्या, मग बरण्यांना, आणि बरण्या संपल्यावर त्यांची नजर माणसांवर आली. चौघांचे चार फोन, चार कंपन्या, चार तारखा, हा काय गोंधळ, असं एक दिवस त्यांनी जाहीर केलं. एकच फॅमिली प्लॅन घ्यायचा, सगळे त्यात. मुलाने मान हलवली, कारण मान हलवली की विषय संपतो हे तो लहानपणीच शिकलाय. सून त्या वेळी ऑफिसात होती. मी म्हटलं होतं, बघू. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे ह्यांना लग्नापासून ठाऊक आहे. तरी एका सकाळी मी साबणाच्या हाताने भांडी घासत असताना बाहेरून हाक आली, ‘अगं, तुझ्या फोनवर एक आकडा आला असेल, तो सांग जरा.’ मी कोपराने फोन सरळ केला आणि आकडा वाचून दाखवला. कोणीही दाखवतो. नवरा बाहेरून आकडा मागतो तेव्हा तो कशाचा, असं विचारत बसायला आपण काय बँक आहोत? दुपारी मेसेज आला. आपला क्रमांक कुटुंब गटात जोडला गेला आहे, कोणत्याही बदलासाठी मुख्य सदस्याशी संपर्क साधावा. मी तो मेसेज दिव्याच्या उजेडात दोनदा वाचला. मुख्य सदस्य. माझ्या लग्नात एवढे विधी झाले, इतक्या जणांनी इतकं काही वाचून दाखवलं, पण हा शब्द त्यांतही कोणी वापरला नव्हता.

तो नंबर माझा होता. माझ्या पहिल्या पगारवाढीला मी एकटी दुकानात जाऊन घेतलेला. पाठ होईल असा आकडा निवडायला दुकानदाराने कागद पुढे केला तेव्हा मी पाठ होणारा घेतला नाही, कोणाच्याच पाठ होणार नाही असा घेतला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ताई आणि मी माहेरी सगळं वाटून घेत वाढलो, एक कंगवा, एक आरसा, एक उशी दोघींत. त्याची तक्रार नाही. पण ज्याने एका उशीवर रात्री काढल्यात त्याला वाटून घेणं म्हणजे काय ते कळतं, आणि दुसऱ्याने परस्पर उशी उचलून ‘आजपासून ही सगळ्यांची’ म्हणणं म्हणजे काय तेही कळतं. मी रोज मापं बघते. सख्ख्या भावाची कवळी भावाला बसत नाही. वरची हिरडी सारखी दिसते, नाक सारखं असतं, हसणं सारखं असतं, आणि तरी घातली की दुसऱ्या दिवशी तोंडाला फोड. हे मी ह्यांना म्हटलं तर म्हणाले, ‘तुझं आपलं काहीतरीच. फोनचा आणि दातांचा काय संबंध?’ मुलगा म्हणाला, ‘आई, स्वस्त पडतं गं. आणि शेवटी आपण सगळे एकच आहोत ना.’ एकच आहोत तर मग मुख्य कोण आणि नुसते सदस्य कोण, हे मी विचारणार होते, पण त्याच्या हातात घास होता.

त्या प्लॅनबरोबर ह्यांच्या फोनवर एक ॲप आलं. कोणी किती इंटरनेट वापरलं, कोणी कोणाशी किती वेळ बोललं, सगळं रंगीत पट्ट्यांत दिसतं. रात्रीच्या जेवणाला हे चष्मा लावून ते वाचायला लागले. आधी गंमत म्हणून. मुलाची पट्टी सगळ्यांत लांब, म्हणून त्याला चिडवायचं. सुनेची पट्टी एकाएकी आखूड झाली, म्हणून तिचं कौतुक. मग एक दिवस, ‘आणि ह्या बाईसाहेब बघा. रोज दुपारी, न चुकता, एकच नंबर. चाळीस मिनिटं, बेचाळीस मिनिटं. कोण आहे बुवा हा भाग्यवान?’ मुलगा हसला. मी म्हटलं, ताई. ‘ताईंशी रोज चाळीस मिनिटं? काय बोलता?’ मी म्हटलं, काही नाही. आणि हे अगदी खरं होतं. आयुष्यात इतकं खरं उत्तर मी क्वचित दिलं असेल. पण कोणाचाच विश्वास बसला नाही. मग मी सांगितलं की आम्ही बोलत नाही, फोन नुसता चालू ठेवतो आणि काम करतो. ह्यांनी चष्मा काढला. ‘चालू ठेवता आणि बोलत नाही? मग फोन कशाला?’ मी म्हटलं, बरं वाटतं. ‘काय बरं वाटतं?’ मी रागाने ताटं गोळा करायला लागले, तसे हे म्हणाले, ‘अगं, मी काय तुझ्यावर लक्ष ठेवतोय का? कर नाही त्याला डर कशाला?’

ह्या म्हणीचा मला आधीपासून राग आहे. ज्याने म्हण काढली तो बाहेर उभा राहून दुसऱ्याचं दार ठोठावत असणार. मला डर नव्हतीच. मी काही लपवत नव्हते, आणि तोच तर राग होता. लपवण्यासारखं काही असतं तर मी ते नीट लपवलं असतं, मला तेवढी अक्कल आहे. जे उघड्यावर होतं, रोज भर दुपारी टेबलावर दिव्याशेजारी मांडलेलं होतं, ते ह्यांनी उचलून पट्टी करून ताटांच्या मध्ये ठेवलं, आणि त्या क्षणापासून ते लपवल्यासारखं दिसायला लागलं. रात्री सून भांडी पुसताना हळूच म्हणाली, ‘आई, तुम्ही इंटरनेटवरून कॉल करत जा ना. तो बाबांना दिसत नाही. मी तर दुसरं सिमच घेतलंय.’ म्हणजे तिच्या आखूड पट्टीचं कौतुक होत होतं ते असं. मुलगी हुशार आहे, मला तिचं बरंच वाटलं. पण मी म्हटलं, मला नाही जमणार गं. स्वतःच्या बहिणीला चोरून फोन करायचा, तोही न बोलण्यासाठी. ती म्हणाली, ‘तुम्ही फार मनाला लावून घेता.’ घेते. मनाला नाही तर कशाला लावून घ्यायचं?

ताई आणि मी गप्प बसायला कुठे शिकलो ते ह्यांना माहीत आहे, मी सांगितलंय लग्नानंतर. फक्त त्यांनी ते माहेरचा किस्सा म्हणून ऐकलं. आमचे वडील छापखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. खोली एकच. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले, आई कामाला गेलेली, आणि आम्ही दोघी खिडकीखाली बसून सगळं बिनआवाजी करायचो. अभ्यास, भांडण, हसणं. हसू आलं की ताई माझ्या तोंडावर हात ठेवायची आणि मी तिच्या. ती शिवायला शिकली ती आधी हाताने, मशीनचा आवाज नको म्हणून. मी तिच्याजवळ बसून खडूतून बाहुल्यांची डोकी कोरायचे. तासन्‌तास. ती दोरा तोडायची तो दाताने, आणि तो तुटण्याचा बारीक आवाज आला की मला कळायचं, बाही झाली. लोक म्हणतात, बिचारी पोरं, किती दाबून वाढली. आम्हाला कधी दाबल्यासारखं वाटलं नाही. बोलायचं नाही म्हटल्यावर दुसरी आहे की नाही हे सतत ऐकावं लागतं, आणि मी ताईइतकं कोणाला ऐकलेलं नाही. पुढे मी लग्न होऊन ह्यांच्या घरी आले तेव्हा सगळे सगळ्यांना सगळं सांगत होते. कुठे होतीस, काय केलंस, कोण भेटलं, काय म्हणालं. प्रेमळ माणसं, पण पहिलं वर्षभर माझे कान दुखायचे. मेव्हणे गेल्यावर मी एकदा दुपारी ताईला फोन केला तर ती म्हणाली, थांब, हातातलं संपवते. फोन तसाच राहिला. ती मशीन चालवत राहिली, मी कवळीचे दात घासत राहिले, दोघी विसरलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘अगंबाई, तू आहेस होय अजून?’ आणि मग, ‘बरं वाटलं गं.’ मशीनच्या आवाजावरून आता मला कापड कळतं. जीन्स असली की ती दबून चालते आणि जाड शिवणीवर अडखळते. बरं नसलं की ताई कापडाच्या कडेला थांबते ती जरा जास्त थांबते. ‘तब्येत कशी आहे’ असं विचारलं तर ती ‘छान’ म्हणेल. मशीन तसं म्हणत नाही. हे सगळं त्या पट्टीत कुठे होतं?

मी नंबर वेगळा करायचं ठरवलं ते ताई उकाड्याबद्दल बोलली त्या दिवशी. ह्यांना घरी सांगितलं नाही, कारण मग चर्चा झाली असती, आणि आमच्याकडच्या चर्चेत शेवटी मीच समजूतदार ठरते. लॅबमधून लवकर निघून मी फोन कंपनीच्या दुकानात गेले. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर एक भलंमोठं हसतं कुटुंब, आजी-आजोबांपासून तान्ह्यापर्यंत. आजोबांचे दात नकली होते आणि छान बसले नव्हते. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती. मी म्हटलं, हा नंबर फॅमिली प्लॅनमधून काढून माझ्या एकटीचा करा. तिने कीबोर्ड बडवला. ‘मुख्य सदस्य कोण आहेत?’ मी म्हटलं, नवरा. ‘मग त्यांच्या फोनवर ओटीपी जाईल. तो सांगा.’ मी म्हटलं, नंबर माझा आहे. ओळखपत्र माझं आहे. फोटो माझा आहे, ही बघा मी. ‘मॅडम, सिस्टीमला त्यांची संमती लागते.’ मी म्हटलं, जोडताना माझी लागली नव्हती का? ‘लागली असणार. तुमच्या फोनवर आकडा आला असेल, तो तुम्ही दिला असेल.’ ती हे शांतपणे म्हणाली, तिला रोजचं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘इथे रोज एक तरी बाई येते. तुम्ही फोन लावा त्यांना. बहुतेक जण देतात.’ देतात. मी चाळिशीपासून चष्मा लावून लोकांच्या तोंडात दात बसवत आलेय, आणि आता माझ्या बहिणीशी न बोलण्याची परवानगी मला कोणी तरी देणार होतं. मागे रांग होती. मी तिथेच उभी राहून ह्यांना फोन लावला.

‘अहो, तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो सांगा जरा.’

‘कशाचा आकडा?’ हे म्हणाले. बघा, ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझा नंबर मी वेगळा करतेय. ‘का?’ मी म्हटलं, तुम्ही ताईला फोन केलात. ‘अगं, काळजी वाटली म्हणून केला. वाईट काय बोललो मी?’ वाईट काहीच बोलला नाहीत, मी म्हटलं, पण ताई आता बोलायला लागलीय. ‘मग चांगलंच आहे की.’ मी डोळे मिटले. ह्यांचा आवाज खरोखर निरागस होता, आणि त्यामुळे मला आणखी राग आला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. मी म्हटलं, आकडा सांगा. ‘लोक काय म्हणतील? एका घरात राहून दोन प्लॅन?’ मी म्हटलं, एका घरात चार तोंडं आहेत, त्याला लोक काही म्हणत नाहीत. मागचा माणूस खाकरला. मग ह्यांनी आकडा वाचला. सावकाश, एकेक अंक सुटा, स्टोअरमध्ये पार्ट नंबर वाचायचे तसा. काउंटरवरच्या बाईने तो टाकला आणि मान हलवली, झालं. मी ह्यांना म्हटलं, झालं. ‘ठेवू नकोस,’ हे एकदम म्हणाले. ‘मी काही बोलत नाही. तू तुझं कर. राहू दे चालू.’

मी रस्त्यावर आले, फोन कानाला. रहदारी होती, तरी मला घर ऐकू येत होतं. आमचा पंखा, जो थोडा घासतो. स्वयंपाकघरातला नळ. आणि ह्या सगळ्याच्या पुढे, फोनच्या अगदी तोंडाशी, हे. ते श्वास धरून बसले होते. फोटो काढताना माणूस बसतो तसे, आता होईल, मग होईल, करत. मला दिसत होते, खुर्चीत पुढे वाकलेले, फोन दोन्ही हातांत. मी एका झाडाखाली थांबले. वाटलं, माणूस शिकायला बघतोय, म्हातारपणी, शिकू द्यावं. वाटलं, एवढ्या वर्षांत आपण ह्यांना हे कधी दिलं नाही. पण ते ऐकत नव्हते. ते गप्प बसले होते, आणि गप्प बसल्याचं मी बघावं म्हणून वाट पाहत होते. ‘आहेस ना?’ हे म्हणाले. ‘बघ, मी अजिबात बोललो नाही.’ मी फोन बंद केला. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं ह्याचाही राग आला. संध्याकाळी घरी मी ताट वाढलं, आणि ॲप उघडलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खाली गेल्यावर मी ताईला फोन लावला. सांगितलं की नंबर आता माझा एकटीचा आहे, कोणी बघत नाही, कोणी मोजत नाही. ती म्हणाली, ‘ते रागावले नाहीत ना?’ मी म्हटलं, नाही. ‘माझ्यामुळे झालं गं हे सगळं.’ मी म्हटलं, ताई, काम कर. मग मी ‘हं’ म्हटलं. थोड्या वेळाने तिने ‘हं’ म्हटलं. मी फोन डब्याला टेकवला, दिवा लावला, कालचीच कवळी पुढे ओढली. ताईची मशीन सुरू झाली. पातळ कापड होतं, सरळ टीप, ती भरभर जायला हवी होती. मी वरचा समोरचा दात मेणात धरला आणि माझे खांदे पहिल्यांदा खाली आले. टीप अर्ध्यात थांबली. कड आली नव्हती, दोरा तुटला नव्हता, मला तेवढं कळतं.

‘ऐकते आहेस ना?’ ताईने विचारलं.

मी दात खाली ठेवला आणि म्हटलं, ‘हो ताई, ऐकते आहे.’ हे मला तिला कधी सांगावं लागलं नव्हतं.